बाबांचं सिम बदलायचं का?

प्रश्न : माझे वडील आर्वी तालुक्यात राहतात. त्यांच्याकडे बटनाचा मोबाइल होता, त्यातलं सिम 2006 सालचं. दिवाळीत त्यांना 4जी फोन घेऊन दिला. दुकानदाराने तेच सिम कापून नव्या फोनात बसवलं. फोन येतात-जातात, पण नेट काही चालत नाही. दुकानदार म्हणतो, सिम जुनं झालं, बदलून घ्या. बाबा ऐकत नाहीत. नंबर जाईल, साठवलेली नावं जातील, बँकेचं अडकेल अशी त्यांना धास्ती आहे. प्लास्टिकच्या एवढ्याशा तुकड्यात जुनं-नवं असं काय असतं?

उत्तर : दुकानदाराचं म्हणणं खरं आहे, आणि बाबांची धास्तीही अगदीच निराधार नाही. आधी नंबरचं बघू, कारण सगळी अडचण तिथेच आहे.

बाबांचा दहा आकडी नंबर त्या सिमवर अवलंबून नाही. तो कंपनीच्या संगणकातल्या नोंदवहीत असतो. सिममध्ये असतो दुसराच एक पंधरा आकडी क्रमांक. भारतात त्याची सुरुवात 404 किंवा 405 ने होते, पुढचे आकडे कंपनी आणि सर्कल सांगतात. बीएसएनएलच्या महाराष्ट्र सर्कलचं सिम असेल तर 404 नंतर 66. कंपनीच्या नोंदवहीत 'या पंधरा आकड्यांचा ग्राहक म्हणजे हा दहा आकडी नंबर' अशी जोडी लावलेली असते. सिम बदललं की नव्या सिमचा पंधरा आकडी क्रमांक त्याच नंबरला जोडतात. नंबर जागचा हलत नाही. सिम बाहेर काढून भिंगाखाली धराल तर त्यावर छापलेला एकोणीस-वीस आकड्यांचा आणखी एक क्रमांक दिसेल, 8991 ने सुरू होणारा. 89 म्हणजे दूरसंचार, 91 म्हणजे भारत. तो त्या कार्डाचा स्वतःचा अनुक्रमांक. सिम बदलताना तोही बदलतो, पण त्याचा तुमच्या नंबरशी संबंध नाही.

फोन एका जागेचा असायचा, तो माणसाचा झाला तो या कार्डामुळे. सेवाग्राम आश्रमात एक जुना टेलिफोन जपून ठेवलेला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या काळात गांधीजींशी बोलणं व्हावं म्हणून तो बसवला होता. तो फोन त्या तारेचा आणि त्या खोलीचा होता. तिथे जो बसेल त्याने बोलायचं. ओळख यंत्रातून काढून वेगळ्या कार्डात ठेवायची ही कल्पना युरोपातल्या जीएसएम पद्धतीने रुळवली. 1991 साली म्युनिकच्या गीसेके अँड डेव्हरियंट या कंपनीने पहिली सिम बनवून फिनलंडच्या रेडिओलिन्या कंपनीला दिली. ती एटीएम कार्डाएवढी होती. भारतात पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 रोजी झाला, कोलकात्याहून पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना केलेला.

आता जुनं आणि नवं. सिममध्ये पंधरा आकड्यांखेरीज एक गुप्त किल्ली असते, 128 बिटांची. ती दोनच ठिकाणी असते, सिममध्ये आणि कंपनीकडे, आणि ती हवेतून कधीच पाठवली जात नाही. फोन सुरू झाला की टॉवरकडून एक कुठलाही आकडा येतो. सिमच्या आत बसलेला इवलासा संगणक तो आकडा आणि गुप्त किल्ली यांचं गणित करून उत्तर पाठवतो. कंपनीनेही तेच गणित केलेलं असतं. दोन्ही उत्तरं जुळली की 'हा आपलाच ग्राहक' असं ठरतं. बाबांच्या 2006 च्या सिममध्ये एवढंच होत असावं.

यात एक मोठी उणीव होती. टॉवर सिमला ओळख विचारतो, पण सिम टॉवरला काहीच विचारत नाही. गाडीत टीसी आला की आपण तिकीट काढून दाखवतो, पण हा टीसी खरा का, हे त्याला कोण विचारतं? त्यामुळे कोणी बनावट टॉवर उभा केला तर जुनं सिम त्याच्यावरही विश्वास ठेवतं. दुसरी उणीव त्या गणिताची. अनेक कंपन्यांनी वापरलेली कॉम्प-128 ही पहिली रीत 1998 मध्येच ब्रिसेनो, गोल्डबर्ग आणि वॅग्नर या संशोधकांनी फोडली. सिम हातात असेल तर त्याला लाखभर प्रश्न विचारून काही तासांत गुप्त किल्ली काढता येते आणि त्याच सिमची नक्कल करता येते, हे त्यांनी दाखवून दिलं.

3जी आलं तेव्हा हे दोन्ही दोष दूर करून नवी रीत आखली गेली. नव्या सिमला तांत्रिक भाषेत यूसिम म्हणतात. टॉवरने पाठवलेल्या आकड्यासोबत आता एक पुरावा येतो. तो पुरावा खऱ्या कंपनीलाच तयार करता येतो, कारण गुप्त किल्ली तिच्याकडेच असते. शिवाय त्यात एक चढता क्रमांक असतो, म्हणजे कालचा चोरून ठेवलेला पुरावा आज चालत नाही. सिम आधी टॉवरला पारखतं, मगच स्वतःचं उत्तर देतं. माझ्या मते जुन्या-नव्यातला खरा फरक हाच. बाकी सगळं त्याच्यामागून येतं.

4जीची आखणी करणाऱ्यांनी म्हणूनच नियम घातला की या जाळ्यात यूसिमलाच प्रवेश. बाबांचं सिम त्या दारातून आत जाऊच शकत नाही. ते जुन्या 2जीवर थांबतं. फोनच्या वरच्या कोपऱ्यात 4जीऐवजी इंग्रजी ई हे अक्षर दिसत असेल तर तीच खूण. बोलणं होतं, नेट मात्र रांगत चालतं किंवा चालतच नाही. फोनमध्ये दोष नाही, बाबांच्या गावातल्या टॉवरमध्येही नाही.

आकाराचा प्रश्न वेगळा आणि त्यामानाने किरकोळ. एटीएम कार्डाएवढं सिम लहान होत 25 बाय 15 मिलिमीटरचं झालं, 2010 च्या आसपास मायक्रो आलं, 2012 मध्ये नॅनो, 12.3 बाय 8.8. कात्रीने किंवा कटरने कापून आकार जुळतो, पण जाडी जुळत नाही. जुनं सिम 0.76 मिलिमीटर जाड, नॅनो 0.67. कापलेलं सिम ट्रेमध्ये अडकून बसतं आणि काढताना आतल्या पिना वाकतात. नवा फोन आहे, तेवढ्यासाठी तरी कापलेलं सिम त्यात ठेवू नका.

नावांची भीती मात्र खरी आहे. बाबांनी नावं सिममध्ये साठवली असतील तर सिमसोबत ती जातील. आधी नव्या फोनात 'सिममधून आयात' करून घ्या, मगच सिम बदला. जुन्या सिममध्ये साधारण 250 नावं मावायची, आणि एका नावाला बहुतेक 14 बाइटांची जागा. देवनागरीत लिहिलं तर सुरुवातीला एक खुणेची बाइट आणि मग प्रत्येक अक्षराला दोन, मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजायचे. 'वर्धा' मावतं. 'पुलगाव' अगदी काठोकाठ बसतं. 'हिंगणघाट' लिहायला गेलं की 'हिंगणघ' एवढ्यावरच जागा संपते. त्या काळी बहुतेकांनी नावं इंग्रजी अक्षरांत आणि तीही तोडून लिहिली त्याला हेही एक कारण. आयात केल्यावर बाबांना जवळ बसवून अर्धवट नावं पूर्ण करून घ्या. कोणतं नाव कोणाचं, हे त्यांनाच माहीत.

बँकेचं थोडं अडेल, पण एकच दिवस. नवं सिम सुरू झाल्यावर 24 तास एसएमएस बंद राहतात, म्हणजे ओटीपी येत नाही. चोराने दुसऱ्याच्या नावावर सिम काढलं तर लगेच खातं रिकामं करता येऊ नये, म्हणून ही व्यवस्था आहे. पैसे भरायचे-काढायचे असतील त्याच्या आदल्या दिवशी सिम बदलायला जाऊ नका. आणि बाबांना स्वतः कंपनीच्या केंद्रात न्या, आधार बरोबर घ्या. 'तुमचं सिम 4जी करून देतो, आलेला आकडा सांगा' असा फोन आला तर तो सरळ कट करा. हे मी पुन्हा पुन्हा सांगेन, कारण म्हाताऱ्या माणसांना याच वाक्याने गाठतात.

बीएसएनएलचं सिम असेल तर आणखी एक कारण आहे. 27 सप्टेंबर 2025 रोजी ओडिशातल्या झारसुगुडा इथून बीएसएनएलचं देशी बनावटीचं 4जी जाळं सुरू झालं. त्यासाठीही नवं सिम लागतंच.

प्रश्न : 5जीसाठी पुन्हा सिम बदलावं लागेल का?

उत्तर : सहसा नाही, 4जीचं सिम चालतं. अगदी नव्या सिममध्ये एक सोय अधिक असते. आजवर फोन जाळ्यात शिरताना तो पंधरा आकडी क्रमांक कधी कधी उघडाच हवेतून जायचा. 5जीत तो कुलूपबंद करून पाठवता येतो.

प्रश्न : विहिरीवरच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर आहे. त्यातही जुनं सिम आहे. तेही बदलू का?

उत्तर : थांबा, इथे उलटा हिशेब आहे. रात्री लाइन आली की अंधारात शेतात जावं लागू नये, म्हणून तो स्टार्टर घेतलात. जुने स्टार्टर फक्त 2जी ओळखतात. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं नवं सिम त्यात सहसा चालतं, कारण नव्या सिममध्ये 2जीचा जुना भागही ठेवलेला असतो. जिओचं चालणार नाही, कारण जिओकडे 2जी जाळंच नाही. 2016 मध्ये त्यांनी थेट 4जीपासूनच सुरुवात केली. स्टार्टर व्यवस्थित चालत असेल तर सिमला हात लावू नका. फक्त पावसाळ्यात मोटार बंद असते तेव्हा त्या सिमकडे लक्ष ठेवा. सलग 90 दिवस वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि ते कळतं ते रब्बीत पहिलं पाणी द्यायच्या रात्री. महिन्यातून एकदा त्या सिमवरून एक एसएमएस जाईल अशी सोय स्टार्टरमध्ये असते का, ते बसवणाऱ्याला विचारा. नसेल तर सिम काढून साध्या फोनात घाला आणि घरच्यांना एक कॉल करा.