संसार मोडतो तेव्हा भांडीकुंडी कोणाची?

लग्न ठरले की आपल्याकडे याद्या होतात. मानपान कोणाचा, भांडी किती, दागिने कोणी घालायचे, हे सारे कागदावर उतरते आणि दोन्हीकडची वडीलधारी मंडळी त्याखाली सह्या करतात. संसार मोडताना मात्र अशी यादी करायला कोणी बसत नाही. ते काम कायद्यावर पडते. आणि कायदा त्यासाठी किती अपुरा आहे, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही.

मला ते माझ्या मावशीमुळे कळले. एकोणीस वर्षांच्या संसारानंतर ती दोन ट्रंका घेऊन माहेरी आली. ती बालवाडीत शिकवायची. तिचा पगार किराणा, दूध आणि मुलाच्या फीमध्ये जाई. काकांच्या पगारातून घराचे हप्ते फिटत. साहजिकच घर काकांच्या नावावर. किराणा तर खाऊन संपलेला! पण गृहकर्जाच्या कागदांवर ‘सहकर्जदार’ म्हणून मावशीचीही सही होती. म्हणजे घरात वाटा नाही आणि कर्जात मात्र आहे, अशी तिची स्थिती झाली.

हे कायद्याला धरून आहे काय? दुर्दैवाने, बव्हंशी आहे. हिंदू विवाह कायदा 1955 सालचा. त्याच्या कलम 27 नुसार न्यायालय वाटणी करू शकते ती विवाहाच्या वेळी किंवा त्या सुमारास भेट मिळालेल्या आणि उभयतांच्या संयुक्त मालकीच्या वस्तूंची. पुढे वीस वर्षे दोघांनी मिळून जे उभे केले, त्याच्या वाटणीचा या कलमात उल्लेखही नाही. लग्न झाले तरी नवऱ्याचे ते नवऱ्याचे, बायकोचे ते बायकोचे, हेच आपले मूळ सूत्र. नाव ज्याचे, मालकी त्याची. बायकोने पैसे घातले असतील तर तिने ते पुराव्यानिशी सिद्ध करावे. आणि वाण्याच्या पावत्या कोण जपून ठेवतो? कलम 25 खाली कायमची पोटगी मागता येते व ती ठरविताना दोघांचे उत्पन्न, मालमत्ता आणि वर्तन पाहिले जाते. परंतु पोटगी आणि हिस्सा यांत फरक आहे. पोटगी गरज पाहून दिली जाते, हिस्सा हक्काने मिळतो. माझ्या मते साऱ्या प्रश्नाचे मूळ या फरकात आहे.

स्त्रीधनाची गोष्ट वेगळी. कल्याणीच्या विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरे’त स्त्रीधनाची व्याप्ती बरीच मोठी धरली होती. आधुनिक काळात सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात निर्वाळा दिला की स्त्रीधनाची पूर्ण मालकी पत्नीची असते; पतीच्या हाती ते असले तर केवळ विश्वासाने सोपविलेले असते, आणि ते परत न करणे हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. तेव्हा याद्यांचा तो जुना कागद फेकून देऊ नये. मावशीचे दागिने आणि तांब्याची घागर त्या कागदामुळेच परत आली.

आता कर्ज. त्याविषयी विवाह कायदा जवळजवळ मुका आहे. बोलतो तो 1872 चा करार कायदा. त्याच्या कलम 43 चा आशय असा की, अनेकांनी मिळून वचन दिले असेल तर, वेगळा करार नसल्यास, घेणेकरी कोणाही एकाकडून संपूर्ण वसुली करू शकतो. एकाने भरले तर त्याने दुसऱ्याकडून त्याचा भाग मागावा. ते त्यांचे आपसातले भांडण. घटस्फोटाचा हुकूमनामा पती-पत्नींमध्ये होतो. बँक त्यात पक्षकार नसते, म्हणून ती त्याने बांधलीही जात नाही. ‘कर्ज पती फेडील’ असे समजुतीच्या अटींत लिहिले तरी बँकेची नोटीस दोघांनाही येते. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने एक चांगली गोष्ट केली: पोटगीच्या दाव्यात दोघांनीही आपली मिळकत आणि देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करावीत, असे ठरविले. निदान कर्ज न्यायाधीशांच्या नजरेस तरी येते.

आमच्या सावंतवाडीहून सीमा ओलांडून पेडण्यात गेले की चित्र पालटते. गोव्यात 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून लागू झाली आणि मुक्तीनंतरही कौटुंबिक बाबतीत ती टिकली. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर तेथे पती-पत्नींची मालमत्ता सामाईक होते. लग्नाआधीची, नंतरची, बरीचशी वारशाचीही. संसार मोडला की निम्मी-निम्मी वाटणी. कर्जालाही हाच न्याय: दोघांच्या संमतीने काढलेले कर्ज सामाईक मालमत्तेवर पडते, पतीने परस्पर काढलेले, संसाराच्या कामी आले नसेल तर, त्याच्या अर्ध्या वाट्यावर. आयकर कायद्यानेही गोवेकर दांपत्यांचे पगाराखेरीजचे उत्पन्न दोघांत विभागण्याची तरतूद केली. मात्र या संहितेचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. सामाईक मालमत्तेचा कारभार तिने पतीकडेच सोपविला आहे. अर्धा वाडा तिचा, पण किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला!

उर्वरित देशात असा प्रयत्न झालाच नाही असे नाही. 2010 च्या विवाह कायदे दुरुस्ती विधेयकात पत्नीला पतीच्या मालमत्तेत वाटा देण्याचा विचार आला. 2013 मध्ये राज्यसभेने ते संमतही केले. पण लोकसभेत ते पार पडले नाही आणि 2014 मध्ये बारगळले. वडिलार्जित जमिनींचे काय होणार, ही भीती त्यामागे होती. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण मग निदान लग्नानंतर कमावलेल्या मालमत्तेपुरता तरी कायदा करावयास कोणाची हरकत होती?

मावशीचा घटस्फोट परस्पर संमतीने, म्हणजे 1976 मध्ये आलेल्या कलम 13-ब खाली झाला. अटींच्या मसुद्यात पोटगी होती, मुलाच्या भेटीचे वार होते; कर्जाविषयी एक ओळ नव्हती. दीड वर्षाने हप्ते थकले आणि नोटीस आमच्या पत्त्यावर आली. शेवटी घर विकून बँकेचे पैसे भागविले गेले. उरलेली रक्कम काकांच्या खात्यात जमा झाली, कारण घर त्यांच्या नावावर होते.