पाच भागांची सायकलफेरी

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहराचे पाच भाग आहेत : मॅनहॅटन, ब्रॉंक्स, क्वीन्स, ब्रुकलिन व स्टेटन आयलंड. दरवर्षी मे महिन्यात या पाचही भागांतून सायकलफेरी निघते. १९७७ साली ती सुरू झाली तेव्हा अडीचशेच्या आसपास लोक होते; आता तीस हजारांच्या वर असतात! अंतर ४० मैल, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटर. त्या दिवशी वाटेवर मोटारींना बंदी. ही शर्यत नव्हे, नंबर काढत नाहीत. शेवटी व्हेराझानो पुलाचा चढ लागतो. एरवी त्या पुलावर सायकल नेऊच देत नाहीत.

मला मोठं वाटलं ते पुढचंच. फेरीच्या पैशातून लहानमोठ्यांना सायकल फुकट शिकवतात. आधी पायडलं काढायची, सीट खाली घ्यायची, म्हणजे पाय जमिनीला टेकतात. तोल जमला की पायडलं परत लावायची. आपण मात्र दांड्याखालून पाय घालून कैची मारतो नि गुडघे फोडून घेतो.

सातवीनंतर हायस्कूल पाच किलोमीटर लांब. आपल्या वर्गातल्या सहा मुलींना अजून सायकल येत नाही. रविवारी मैदानावर आमच्या अण्णांची सायकल नि पाना आणणार आहे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, तेवढं ध्यानात ठेवा. पालकांनी मुलींना जरूर पाठवावं.