वस्तीत किराणा टाकताय? आधी रेशनचा हिशोब करा

कामगार वस्तीत दुकान टाकायचं ठरलं की पहिली ऑर्डर जाते तांदूळ-गव्हाच्या कट्ट्यांची. भांडवल इथेच अडकतं.

हिशोब बघा. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य, अंत्योदय कार्डाला 35 किलो. जानेवारी 2023 पासून तेही फुकट. चौघांच्या घरात 20 किलो आलं की ते गिऱ्हाईक तुमचा साधा तांदूळ कशाला घेईल? पण अंगमेहनतीच्या घराला तेवढं पुरतही नाही. महिनाअखेरीला, किंवा रेशन लांबलं की, तोच माणूस दोन किलो मागत येतो. म्हणून धान्याचे दोन-तीन कट्टेच ठेवा. पैसा तेल, डाळ, मसाल्यात घाला. वाचलेली मजुरी तिकडे वळते. जागा असेल तर गिरणी बसवा, फुकटचा गहूसुद्धा दळावाच लागतो.

बाहेरगावचे मजूर असतील तर विचारा, रेशन इथे उचलता की गावी? 'एक देश, एक रेशन कार्ड'मुळे दोन्हीकडे उचलता येतं. सगळं गावी घरचे उचलत असतील, तर हा माणूस धान्य तुमच्याकडूनच घेणार.

आणि हो, कोणीतरी रेशनचा तांदूळ स्वस्तात विकायला आणेलच. मार्जिन दिसतं, मोह होतो. घेऊ नका. जीवनावश्यक वस्तू कायदा, 1955 खाली गुन्हा होतो, माल जप्त होतो. पण त्या बाईला हिडीसफिडीस करू नका. तिला नड आहे म्हणून ती घरचा तांदूळ विकतेय. पगार होईपर्यंत तेल-डाळ वहीवर द्या.