मेक्सिकोबाहेरचा मेक्सिकन बल्लवाचार्य

प्रश्न : टीव्हीवर मेक्सिकन स्वयंपाक शिकवणारे रिक बेलेस स्वतः मेक्सिकन आहेत का? नसतील, तर ही विद्या त्यांनी कुठून मिळवली?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, ते अमेरिकन आहेत. बेलेस यांचा जन्म १९५३ साली ओक्लाहोमा सिटीत झाला. आईवडिलांचं बार्बेक्यूचं रेस्टॉरंट होतं, त्यामुळे भटारखान्यातच ते लहानाचे मोठे झाले. कॉलेजात त्यांनी स्पॅनिश भाषा आणि लॅटिन अमेरिकी संस्कृतीचा अभ्यास केला, पुढे मिशिगन विद्यापीठात भाषाविज्ञानात संशोधन सुरू केलं. १९७८-७९ मध्ये पीबीएस या सार्वजनिक वाहिनीसाठी त्यांनी 'कुकिंग मेक्सिकन' ही २६ भागांची मालिका सादर केली.

खरी मेहनत त्यानंतरची. १९८० नंतरची काही वर्षं पत्नी डीॲन यांच्यासह ते मेक्सिकोत राहिले. बाजार, खाणावळी, घरची स्वयंपाकघरं पालथी घालून प्रांतोप्रांतीच्या पाककृती त्यांनी टिपून घेतल्या. त्यातून १९८७ मध्ये 'ऑथेंटिक मेक्सिकन' हे पुस्तक आलं, आणि त्याच वर्षी शिकागोत या दोघांनी 'फ्रोंतेरा ग्रिल' हे रेस्टॉरंट सुरू केलं.

मेक्सिकन स्वयंपाकाचा कस ओआहाका या मेक्सिकन राज्यातल्या काळ्या 'मोले' या घट्ट सॉसात लागतो. सुक्या मिरच्या जवळजवळ काळ्या पडेपर्यंत भाजायच्या. तीळ, दाणे, मसाले, टोमॅटो, टॉर्टिया (मक्याची पोळी) वेगवेगळं भाजून-तळून वाटायचं. ते वाटण डुकराच्या चरबीत घट्ट, गडद होईस्तोवर परतायचं. मग त्यात रस्सा आणि चॉकलेट घालून तासन् तास मंद आचेवर शिजवायचं. आपल्याकडच्या काळ्या रश्श्याइतकाच यात भाजणीचा अंदाज महत्त्वाचा. मिरची जरा जास्त जळली की सगळं कडू. २००९ मध्ये 'टॉप शेफ मास्टर्स' या टीव्हीवरच्या पाककला स्पर्धेचा पहिला हंगाम बेलेस यांनी जिंकला, तेव्हा अंतिम फेरीतही त्यांनी मोले रांधला होता.

'मेक्सिको : वन प्लेट ॲट अ टाइम' या टीव्ही मालिकेतून त्यांनी प्रेक्षकांना थेट मेक्सिकोच्या बाजारांत नेलं. २०१२ मध्ये मेक्सिको सरकारने परदेशी व्यक्तीला दिला जाणारा आपला सर्वोच्च सन्मान, 'ऑर्डर ऑफ द ॲझ्टेक ईगल', त्यांना दिला.

मेक्सिकन स्वयंपाकाचा चेहरा एक गोरा अमेरिकन का, असा आक्षेप अमेरिकेतही घेतला जातो, आणि तो रास्त आहे. ज्या बायाबापड्यांनी ही विद्या पिढ्यान् पिढ्या जपली, त्यांच्या वाट्याला कॅमेरा क्वचितच येतो. तरीही बेलेस यांचा अधिकार नाकारता येणार नाही. तो त्यांनी शिकून आणि राबून मिळवला आहे.