आडनाव एक, म्हणून रक्त एक?



मागे एक तरुण आणि तरुणी लग्न ठरवून आमच्याकडे आले. दोघांचेही आडनाव फर्नांडिस. मुलाच्या आजीचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. "फादर, एकाच आडनावात लग्न? भावाबहिणीचं नातं निघालं तर?" तिची शंका आम्ही हसण्यावारी नेली नाही. नोंदवह्या उघडल्या, गोव्यातील दोन धर्मग्रामांना पत्रे लिहिली. त्यातून जे ध्यानात आले ते आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

आडनावे आली कोठून?

आपल्यातील अनेक घरांचे मूळ गोव्याकडे जाते. सोळाव्या शतकात बारदेशात फ्रान्सिस्कन आणि साष्टीत येशूसंघीय धर्मगुरूंनी स्नानसंस्कार दिले. नव्या ख्रिस्ती माणसाला संताचे नाव आणि बहुधा धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे पोर्तुगीज आडनाव मिळाले. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा. सिल्वा म्हणजे रान. पण हा फर्नांदो पोर्तुगालचा, आपल्या पूर्वजांचा बाप नव्हे! म्हणून एका आडनावाची दोन घरे एकमेकांना पूर्ण परकी असू शकतात. उलट मामे-आते भावंडांची आडनावे वेगळी, तरी रक्त जवळचे.

म्हणूनच ख्रिस्तसभेचा कायदा आडनाव विचारत नाही, रक्ताचे नाते विचारतो. सख्ख्या चुलत, मामे, आते आणि मावस भावंडांपर्यंत विवाहाला अडथळा येतो.

नोंदवही काय सांगते?

१५६३ साली ट्रेंटच्या विश्वपरिषदेने धर्मगुरूंना विवाहाची नोंदवही ठेवण्यास आणि स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे लिहून घेण्यास सांगितले. १९०८ पासून विवाहाची नोंद स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारीही होऊ लागली. त्यामुळे एक नोंद सापडली की पुढच्या धर्मग्रामाची वाट कळते.

मात्र नावे फसवतात. लॅटिनमधील योआन्नेस घरी जुवांव होतो आणि शाळेच्या दाखल्यावर जॉन. सेबास्तियनचा बस्त्यांव होतो. शिवाय थोरल्या मुलाला आजोबांचे नाव देण्याची चाल. त्यामुळे एका घरात तीन-तीन कायतान! मग खरा कोण, हे आई, धर्ममातापिता आणि गाव यांवरून ठरवावे लागते. ही अडचण आपल्यापुरती नाही. कॅनडातील फ्रेंच वंशाच्या कॅथलिक कुटुंबांत स्नानसंस्काराच्या वेळी बहुतेक मुलांना जोसेफ आणि मुलींना मेरी हे नाव आधी लावीत, शिवाय कित्येकांना दुसरे आडनावही असे. त्यांचे वंशजही अशाच वह्या चाळतात.

त्या दोघांच्या चार पिढ्या आम्ही मागे गेलो. गावे वेगळी, घरे वेगळी, सामाईक पूर्वज कोणी नाही. लग्न झाले. रोसाचा नारळ आजीने स्वतः खोवला.

आपल्यासाठी बोध

लूकच्या शुभवर्तमानात नातेवाईक बाळाला जखऱ्या म्हणू पाहतात. अलीशिबा योहान हे नाव सांगते आणि जखऱ्या ते पाटीवर लिहून देतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही शिकलो की नाव म्हणजे ती वस्तू नव्हे. स्नानसंस्काराने त्यात भर घातली: नाव हे मिळालेले दान आहे. ते आपण कमावलेले नाही, म्हणून त्याचा गर्व नको. आणि कोणीतरी प्रेमाने दिले आहे, म्हणून त्याची लाजही नको.

नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. त्याआधी प्रत्येक घराने एवढे करावे:

१. घरातील सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसून आजी-पणजींची माहेरची नावे व गावे लिहून घ्यावीत. आईकडची बाजूच आधी विसरली जाते.
२. घरचे लाडके नाव आणि दाखल्यावरचे नाव, दोन्ही लिहावे.
३. जुने दाखले व फोटोंमागची नावे जपावीत.

हा कागद मिस्साच्या वेळी वेदीजवळ आणून ठेवावा. ज्यांची नावे कोणी घेत नाही, त्यांचीही नावे त्या दिवशी आपण मिळून घेऊ.

आपले धर्मगुरू