पोटगी आणि मासळीचा पैसा : होडीमालकांनी आणि घरच्या बायांनी वाचावं असं



छळ म्हणजे मारहाण, एवढंच आपण धरून चालतो. पण घरखर्चाला पैसे न देणं, बायकोने मासळी विकून आणलेली रक्कम काढून घेणं, तिचे दागिने परस्पर विकणं, हाही छळच. 2005 चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा त्याला आर्थिक छळ म्हणतो. धर्म कुठलाही असो, गोव्यातही तो लागू आहे.

बाईला काय मागता येतं?

• कलम 20 : उपचाराचा खर्च, बुडालेली कमाई, स्वतःची आणि मुलांची पोटगी. दरमहा किंवा एकरकमी.
• कलम 18 : होडी, इंजिन, दागिने विकायला किंवा बँक खातं वापरायला न्यायालय नवऱ्याला मनाई करू शकतं.
• कलम 17 : ज्या घरात संसार केला तिथे राहण्याचा हक्क, घर तिच्या नावावर नसलं तरी.
• कलम 23 : निकाल लागेपर्यंत अंतरिम मदत.

आपल्या धंद्यात पगाराची स्लिप नसते. त्यामुळे "धंदाच नाही" म्हणून हात वर करणं सोपं जातं. म्हणून मासळी विक्रीच्या पावत्या, पासबुक, होडीच्या नोंदणीची झेरॉक्स जपून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालानुसार पोटगीच्या दाव्यात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर सांगावी लागते. 1 जून ते 31 जुलैच्या बंदीत कमाई थांबते, पण मुलांचं पोट थांबत नाही. वर्षभराचा हिशेब न्यायालयापुढे ठेवा.

होडीमालकांनो, हे तुमच्यासाठी. खलाशाने आदेशाप्रमाणे पैसे भरले नाहीत, तर कलम 20(6) खाली न्यायालय त्याच्या मालकाला किंवा त्याचं देणं लागणाऱ्याला सांगू शकतं, की त्याच्या पैशातला ठरलेला भाग थेट बायकोला द्या किंवा न्यायालयात भरा. संस्थेकडे जमा असलेलं विक्रीचं येणंही यात येऊ शकतं. असा आदेश आला की "आमचा काय संबंध" म्हणून चालणार नाही.

कराचं थोडक्यात : मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानुसार दरमहा पोटगी उत्पन्नात धरली जाते, एकरकमी रक्कम धरली जात नाही. रक्कम मोठी असेल तर तडजोडीवर सही करण्याआधी कर सल्लागाराला विचारा.

सुरुवात कुठे? 181 वर फोन करा, नाहीतर पोलीस किंवा संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. दंडाधिकाऱ्यांकडे थेट अर्जही करता येतो. पहिली तारीख साधारण 3 दिवसांत लागावी असं कायदा सांगतो. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

शेजारच्या घरात असं चाललं असेल तर "त्यांचं घरचं" म्हणून सोडू नका. हा नंबर तिच्यापर्यंत पोचवा.