औंढ्याचे हिवाळी पाहुणे: एका दिवसाची पक्षीनोंद

औंढा नागनाथला स्थलांतरित पक्षी पाहायला यायचे तर डिसेंबर-जानेवारीतला दिवस धरावा. पक्षीअभ्यासक मारुती चितमपल्ली आणि सालीम अली यांच्या जन्मदिवसांना धरून ५ ते १२ नोव्हेंबरला राज्यात पक्षी सप्ताह होतो, पण तोवर सगळे पाहुणे उतरलेले नसतात. चातक मात्र या दिवसांत शोधू नये. तो पावसाच्या तोंडावर येतो.

आदल्या दिवशी वनविभागाकडे विचारून पायवाट ठरवावी. मातकट कपडे, ८×४२ची दुर्बीण, वही, पेन्सिल आणि पाणी एवढे पुरते.

उजाडायच्या आत डोंगराच्या पायथ्याशी पोचावे आणि पहिली वीस मिनिटे चालूच नये. उभे राहून नुसते ऐकावे. झाडाच्या शेंड्यातून ‘चिस्‌विट’ असा बारीक आवाज पुन्हा पुन्हा आला, तर तो हिरवट पर्णवटवट्या. चिमणीहून लहान असलेला हा जीव हिमालयाकडून आणि त्याही पलीकडून येतो. पानांत तो सहसा दिसत नाही, म्हणून त्याची ओळख कानांनीच पटवायला शिकावे. खालच्या फांदीवर झटक्याने शेपटी उचलणारा दिसला, तर शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे आहे का ते पाहावे. तसे असेल तर तो लाल छातीचा माशीमार. मादीला लाल छाती नसते, तेव्हा रंगावर जाऊ नये. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्यांना बाहेर काढणे कटाक्षाने टाळावे. हिवाळ्याचा छोटा दिवस त्यांना पोट भरायलाच लागतो.

ऊन चढले की रान गप्प होते. जेवून पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाकडे निघावे. दुपारी ऊन पाठीशी राहील असा पश्चिमेचा काठ धरावा. आधी चिखलातले धोबी नीट बघावेत: काळ्या डोक्यावर ठळक पांढरी भुवई असेल तर तो मोठा धोबी, इथलाच, बारमाही. पांढऱ्या चेहऱ्याचा धोबी मात्र पाहुणा. घरचा कोण आणि पाहुणा कोण हे कळले, तरच स्थलांतराची नोंद खरी होते. मग पाण्यावर नजर टाकावी. नारिंगी-तपकिरी जोडी असेल तर चक्रवाक. डोक्यामागे दोन काळे पट्टे असतील तर हिमालय ओलांडून आलेला पट्टकदंब.

सूर्य कलताच ज्वारीच्या शेतांकडे वळावे. भोरड्यांचा थवा एकेक करून मोजता येत नाही. दहा पक्षी मोजून तेवढी जागा डोळ्यांत धरावी आणि पूर्ण थव्यात तशा किती जागा बसतात ते पाहावे. राखणीवरच्या शेतकऱ्याला या यंदा कधी आल्या ते अवश्य विचारावे. ज्याच्या कणसांवर त्या तुटून पडतात, त्याला तो दिवस पक्का आठवतो.

अंधार पडण्याआधी तारीख, वेळ, जागा, संख्या आणि पक्षी काय करत होता ते लिहावे. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नंतर चढवता येते. मार्च-एप्रिलमध्ये याच वाटेने पुन्हा फिरावे आणि माशीमार शेवटचा कोणत्या तारखेला दिसला, ते त्याच पानावर टिपावे.